नापास गाडी गॅरेजपर्यंत न्यायची कशी?

‘पासिंग (म्हणजे योग्यता तपासणी) नसलेल्या टॅक्सींवर कारवाई’ ही बातमी वाचली. कारवाईला हरकत नाही. परंतु ब्रेक निकामी झालेली गाडी आणि नंबरप्लेटवरचा दिवा न लागणारी गाडी यांना एकच न्याय लावणे अनाठायी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्राविना व्यावसायिक वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. माझी टॅक्सी अशाच एका बल्बवरून नापास झाली आणि जुन्या प्रमाणपत्राची मुदत आदल्याच दिवशी संपली असल्याने, गॅरेजपर्यंतचे दोन किलोमीटर मी (ढकलत नेणार कशी?) नियम मोडूनच गाडी चालवली. दोष किरकोळ असल्यास, प्रवासी न घेता दुरुस्तीसाठी गाडी नेण्याची आठवडाभराची परवानगी परिवहन विभागाने तपासणीच्या अहवालावरच नोंदवून द्यावी.

– एक टॅक्सीचालक, ठाणे