उबदार जागा म्हणजे आमच्याकडे भट्टी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'मुलांसाठी घरचा आल्याचा सोडा' अशी कृती आली होती. एक लिटर पाणी, १०० ग्रॅम साखर, आल्याचा रस, लिंबू, चिमूटभर यीस्ट. काचेच्या बाटलीत भरून घट्ट बूच लावा आणि आठवडाभर उबदार जागी ठेवा. आमच्या सूनबाईंनी बरहुकूम चार बाटल्या भरून मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवल्या. आठवडा कसला, तिसऱ्याच दुपारी दोन बाटल्या लागोपाठ फुटल्या. गव्हाच्या कोठीला पोचा आला. शेजारच्या आजी भिंतीवरून विचारू लागल्या, "काय व्हयनं? सिलिंडर फुटनं का?" खोलीत कुणी नव्हतं, म्हणून हे पत्र नुसतं चिडून लिहितो आहे.

माझ्या वडिलांचा गोटी सोड्याचा धंदा होता. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरीच्या पात्रात आमची गाडी लागायची. बाटली जाळीच्या पिंजऱ्यात अडकवून हाताने फिरवायची. तोंडाला लोखंडी जाळी आणि हाताला चामडं बांधल्याशिवाय वडील त्या यंत्राजवळ कुणाला येऊ देत नसत. तरी तिथे गॅस टाकीतून यायचा. किती द्यायचा ते आपल्या हातात. यीस्टला चावी नाही. साखर संपेपर्यंत, नाहीतर स्वतः गळपटेपर्यंत ते गॅस सोडत राहतं.

एक ग्रॅम साखरेचा साधारण अर्धा ग्रॅम गॅस होतो. शॅम्पेनवाले बाटली बंद करताना लिटरला २४ ग्रॅमच्या आसपास साखर घालतात. तेवढ्यात आत सहा वातावरणांचा, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण सहापट दाब तयार होतो, आणि त्यासाठी बाटलीची काच मुद्दाम जाड केलेली असते. तुमच्या कृतीत साखर चौपट आणि सूनबाईंची बाटली सरबताची! शिवाय साखरेचा उरलेला अर्धा भाग बहुतेक अल्कोहोल होतो. सगळी साखर आंबली तर ते पेय बिअरच्या तोडीचं होईल. मथळा मात्र 'मुलांसाठी'. घरी बिअर करणं आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, हे तरी पुरवणीत कुणाच्या लक्षात यायला हवं होतं.

ही कृती कुठल्यातरी थंड मुलखातून उचललेली दिसते. माझा भाचा मेलबर्नला असतो. तिथे घरी पिण्यापुरती बिअर करायला परवानगी आहे. जून महिन्यात, म्हणजे त्यांच्या थंडीत, त्याचा फोन आला : "मामा, बुडबुडे बंद झाले. बाटल्या भरू का?" त्याच्याकडे हायड्रोमीटर आहे, आपल्या डेअरीवरच्या लॅक्टोमीटरचा भाऊच म्हणा. यीस्ट साखर खात जाईल तसं त्याचं वाचन उतरतं. वाचन १.०२० वर अडकलेलं, उतरायला हवं होतं १.०१२ पर्यंत. गॅरेजमध्ये ११ अंश. म्हटलं, बाबा, ते संपलेलं नाही, झोपलेलं आहे. आत्ता बाटलीत भरलंस तर ऊन पडल्यावर जागं होईल आणि उरलेली साखर बाटलीत खाईल. त्याने पिंप घरात आणलं, २० अंशांवर ठेवलं, हलकेच डुचमळलं. पाच दिवसांत वाचन उतरलं. पुढे तीन दिवस तेच राहिल्यावर २३ लिटरला १३८ ग्रॅम, म्हणजे लिटरला सहा ग्रॅम साखर मोजून घातली आणि बाटल्या भरल्या. पठ्ठ्याने दुसऱ्याच दिवशी त्या फ्रिजमध्ये घातल्या आणि पुन्हा फोन, "मामा, फेसच नाही!" बाहेर काढून दोन आठवडे ठेव म्हटलं, तेव्हा कुठे फेस आला.

आमच्या अमळनेरला मे महिन्यात पारा ४४ वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. तिथे यीस्ट आधी पिसाळल्यासारखं सुटतं आणि मग उष्णतेनेच गळपटतं. ते कधी थांबेल याचा नेम नाही, आणि थांबलं म्हणजे साखर संपली असंही नाही. सूनबाईंनी याआधी केलेला घाणा तर सुरूच झाला नव्हता, कारण आल्याच्या उकळत्या पाण्यात यीस्ट टाकलं होतं. मेलेलं यीस्ट काय करणार? पाण्याचा थेंब मनगटावर गरम लागला तर थांबायचं, एवढी एक ओळ कृतीत हवी होती.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा. काचेऐवजी सोड्याची प्लास्टिकची बाटली घ्यायला सांगा. दाबून पाहिली आणि बोटाला दगडासारखी लागली की त्याच क्षणी फ्रिजमध्ये. आमच्या उन्हाळ्यात हे काम एका दिवसातही होतं. 'आठवडाभर' हा शब्द तेवढा खोडा.

उरलेल्या दोन बाटल्यांपैकी एकीचं बूच सैल होतं, म्हणून ती वाचली. दुसरी मी वडिलांची जाळी तोंडाला बांधून, ओल्या गोणपाटात गुंडाळून बर्फाच्या बादलीत ठेवली. रात्रभर तशीच राहू दिली आणि सकाळी गोणपाटाआडूनच बूच सैल केलं. निम्मा सोडा छताला लागला. नातू टाळ्या वाजवत होता. त्याला एक घोटही दिला नाही.

आपला,
एक जुना सोडावाला, अमळनेर