बटाट्याच्या झाडावरची हिरवी फळं खाऊ नका

सभासदांनो, ‘बटाट्याला टोमॅटो लागले’ असे फोटो दोन दिवसांत तिघांनी टाकलेत. ते टोमॅटो नव्हेत, बटाट्याचीच फळं आहेत. हवा थंड राहिली की फुलं न गळता फळ धरतं. दिसतात हुबेहूब कच्च्या चेरी टोमॅटोसारखी, पण आत सोलॅनिन असतं. विषारीच. शिजवूनही नको! घरात लहान मुलं असतील तर आजच तोडून टाका. जमिनीखालच्या बटाट्यांना काही होत नाही.

बी धरायची हौस असेल तर फळ मऊ पडू द्या, कुस्करून गर धुवा. एकेका फळात ३०० पर्यंत बारीक, चपट्या बिया निघू शकतात. मात्र मूळ झाडासारखाच बटाटा मिळेल असं धरून चालू नका, प्रत्येक रोपाची तऱ्हा वेगळी. शिवाय पहिल्या वर्षी बटाटे बहुधा लहानच.