मुलांना घेऊन हलम्याला ये

रामबाग, इंदूर

प्रिय वंदना,

तुझं पत्र आलं. मुलं हुशार आहेत, घरात कशाची कमी नाही, तरी दुसऱ्यासाठी त्यांचा हात सुटत नाही आणि मलाही हल्ली कशात जीव रमत नाही, असं तू लिहिलंस. ते वाचल्यापासून तुझ्याशी बोलायचं मनात आहे.

सुट्टीत मुलांच्या हातून कुठेतरी खाऊ नि कपडे वाटावेत, असा तुझा विचार दिसतो. स्पष्ट सांगते, तसं करू नकोस. हातात वाटायची पिशवी दिली की मूल पहिली गोष्ट हीच शिकतं, की आपण देणारे आणि समोरचा घेणारा. त्यापेक्षा त्यांना घेऊन आमच्या मध्य प्रदेशातल्या झाबुआला ये, हलम्याला.

आम्ही चौघं आता दरवर्षी जातो. हलमा ही भिल्लांची जुनी रीत. कुणाचं घर, शेत, विहीर एकट्याच्या आवाक्याबाहेर गेली की तो हाक देतो आणि बाकीचे आपापली अवजारं घेऊन येतात. मजुरी नाही, उपकाराची भाषा नाही. शिवगंगा संस्थेच्या महेश शर्मांनी (त्यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली) ही रीत पाण्याच्या कामाला जोडली. झाबुआ शहराला लागून असलेल्या हाथीपावा टेकडीवर गावोगावचे हजारो लोक गैंती-तगारी, म्हणजे आपली कुदळ-घमेली, घेऊन जमतात आणि उताराला आडवे चर खणतात. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला रचायची. पावसाचं पाणी धावत खाली न जाता चरात थांबतं, जमिनीत मुरतं. त्या भागात मातीचा थर पातळ आणि उतार फार, म्हणून पाऊस पडूनही पाणी टिकत नाही आणि माणसं कामाला तुमच्या गुजरातेत उतरतात. वडोदऱ्यात बांधकामांवर जी कुटुंबं दिसतात, त्यांतली कितीतरी झाबुआ-अलिराजपूरकडचीच.

आदल्या दिवशी शहरातून गैंती यात्रा निघते. खांद्यावर गैंती घेतलेल्या बायांची रांग बघून मला भरून आलं होतं.

आमच्या चिनूने पहिल्यांदा गैंती डोक्यावर उगारून खडकावर आपटली आणि तिच्या हातांना झिणझिण्या आल्या. शेजारच्या चरातली एक बाई उठून आली. न बोलता तिने चिनूचा एक हात दांड्याच्या टोकाशी ठेवला, दुसरा लोखंडाजवळ. उचलायची तशी, आणि खाली येताना वरचा हात दांड्यावरून सरकू द्यायचा, बाकीचं काम गैंतीचं वजन करतं. तिसऱ्या-चौथ्या घावाला ढेकूळ सुटलं. दुपारी त्याच बाईने फडक्यातून मक्याची रोटी आणि लसूण-मिरचीची चटणी काढली आणि अर्धी रोटी चिनूच्या हातावर ठेवली. आमच्या पुऱ्या तिने घेतल्या. चिनूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तिने शेवटचा घास सोडला नाही. वंदना, देणं कसं असतं हे माझ्या लेकीला त्या दिवशी घेता घेता कळलं. मी घरी बसून ते कितीही सांगितलं असतं, तरी पोचलं नसतं.

ओजसने बाबांना विचारलं, "यांना पैसे कोण देतं?" कुणी नाही. "मग टेकडी यांची आहे?" तीही नाही. मग तो तगारी ठेवून थेट एका आजोबांकडे गेला. हे पाणी कोणाच्या विहिरीत जाणार? आजोबांनी हात लांब करून खालची सगळी गावं दाखवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आपल्या इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पंपांनी चढवून येतं. मुलांना ते फक्त नळातून येतं एवढंच ठाऊक होतं. आता ओजस बादली वाहू लागली की धावत जाऊन नळ बंद करतो.

जीव कशात रमवायचा, या तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे शब्दांत नाही, पण एक सांगते. पावसाळ्यात आम्ही मुद्दाम पुन्हा गेलो होतो. आम्ही खणलेल्या चरात गढूळ पाणी उभं होतं. कडेला गवत उगवलं होतं. तिथे आमचं नाव नाही, कुणालाच माहीत नाही तो चर कोणाचा. एवढं खरं समाधान मला बँकेतल्या बढतीनेही दिलं नाही. वर्षभर कामावर जाताना तो चर मनात असतो, आणि दिवस रिकामा वाटत नाही.

एकदाच येऊन भागणार नाही, हे मात्र आधीच सांगते. त्याच जागी पुन्हा गेल्यावर मुलांना माणसं ओळखू येतात, आणि तिथून खरं काही सुरू होतं. मध्यंतरी वरच्या मजल्यावरच्या काकूंना घर बदलायचं होतं, तर ओजस स्वतःच दारोदार सांगून आला, "रविवारी काकूंकडे हलमा आहे, या."

हलमा बहुधा भगोरियाच्या, म्हणजे होळीच्या सुमारास भरणाऱ्या भिल्लांच्या जत्रेच्या, आधी असतो. तारीख कळली की लगेच कळवते. तुम्हाला इंदूरला यायची गरज नाही, वडोदऱ्याहून रतलामकडच्या गाडीने मेघनगरला उतरा, तिथून झाबुआ जवळच आहे, आम्ही घ्यायला येऊ. मुलांना टोप्या, बंद बूट आणि जुने कपडे घाल. हातमोजे नकोत, पकड सुटते. वाटायला काही आणू नकोस. जमलं तर दोन गैंत्या मात्र आण, आमच्याकडे चारच आहेत.

तुझी,
सुनीता