क्विंटेन हे बेट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला स्वित्झर्लंडमधील क्विंटेन गावावरचा लेख वाचनीय होता, पण त्यातला लोकसंख्येचा आकडा क्वार्टेनचा आहे. क्वार्टेन ही सेंट गालेन कँटनमधली (म्हणजे तिथल्या राज्यातली) ग्रामपालिका. तिच्यात मुर्ग, मोल्स, उंटरतेर्त्सेन अशी बरीच गावे येतात आणि सगळ्यांची मिळून वस्ती तीन हजारांच्या घरात जाते. क्विंटेन हे त्यातलेच एक गाव आणि तिथे बारमाही राहणारी माणसे चाळीस-पन्नास! स्वित्झर्लंडची अधिकृत लोकसंख्या ग्रामपालिकानिहाय जाहीर होते. त्यामुळे त्या तक्त्यात क्विंटेन शोधणाऱ्याची नजर हमखास क्वार्टेनवर थांबते. नावांचा गोंधळही जुनाच आहे. तेर्त्सेन, क्वार्टेन, क्विंटेन ही लॅटिनमधली तिसरे, चौथे, पाचवे अशी क्रमवाचक नावे आहेत. खात्री करायची तर पिनकोड पाहावा: क्विंटेनचा 8878, क्वार्टेनचा 8883.

लेखात गावाला ‘बेट’ म्हटले आहे, तेही बरोबर नाही. वालेनझे सरोवराच्या उत्तर काठाला चिकटलेले हे गाव आहे. रस्ता नाही, एवढेच. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून 419 मीटर, तर गावामागच्या कुरफिर्स्टेन रांगेतले सर्वोच्च शिखर हिंटररुग 2306 मीटर. म्हणजे जवळजवळ 1900 मीटरची चुनखडीची भिंत पाण्यातून उभी राहिल्यासारखी दिसते. तिच्या पायथ्याशी रस्ता कोरायला जागाच नाही. रेल्वे आणि ए-3 महामार्ग दोन्ही दक्षिण काठाने गेले, तेही बोगद्यांतून वाट काढत.

याच भिंतीमुळे गावात द्राक्षे, अंजीर, किवी पिकतात. ती उत्तरेचा गार वारा अडवते, गाव दक्षिणाभिमुख असल्याने ऊन सरळ अंगावर येते, तापलेला खडक संध्याकाळी ऊब परत देतो आणि सुमारे दीडशे मीटर खोल पाणी हिवाळ्यात लवकर थंड होत नाही. शिवाय फॉन हा डोंगरावरून उतरणारा कोरडा, उष्ण वारा आहेच. ‘भूमध्यसागरी हवामान’ हे शब्द पर्यटन-पत्रकात शोभतात. प्रत्यक्षात ही उबदार पट्टी काठालगत जेमतेम उतारभर आहे, थोडे वर चढले की संपते.

लेखात राहून गेलेली एक गोष्ट म्हणजे आजचा काठ माणसाने ठरवलेला आहे. पूर्वी लिंथ नदी सरोवराला वळसा घालून जाई. तिच्या गाळाने सरोवराचे निर्गममुख, म्हणजे पाणी बाहेर पडायची वाट, तुंबायचे, पाणी चढायचे आणि वेसेन, वालेनश्टाट ही गावे पुरात नि दलदलीत सापडायची. हान्स कॉनराड एशर यांच्या देखरेखीखाली 1807 मध्ये नदी वळवण्याचे काम सुरू झाले. 1811 मध्ये नदी थेट सरोवरात सोडली, म्हणजे गाळ तिथेच बसू लागला. पुढे निर्गमाचा कालवा खोल झाल्यावर पातळी पाच मीटरांहून अधिक खाली आली.

जाणाऱ्यांसाठी: झुरिकहून त्सीगेलब्र्युके, तिथे गाडी बदलून मुर्ग, आणि मुर्गच्या धक्क्यावरून बोट. ही फेरी बारमाही चालते, मात्र हिवाळ्याचे वेळापत्रक वेगळे असते. परतीची शेवटची बोट आधी पाहून ठेवावी, कारण ती चुकली तर उरते फक्त पायवाट. वेसेन किंवा वालेनश्टाट, कुठल्याही बाजूने ती तीन-चार तासांची आणि चढउताराची आहे. पावसानंतर दगड घसरतात, अंधारात तर जाऊच नये.

आणि लोकसंख्येकडे परत यायचे तर, इथे टक्केवारी फसवी ठरते. चाळीस जणांच्या गावात चौघांचे एक कुटुंब राहायला आले की वाढ दहा टक्के! घरे रिकामी पडू नयेत म्हणून तिथे एक प्रतिष्ठान खटपट करते आहे, पण येणाऱ्याला शाळेपासून सिमेंटच्या पोत्यापर्यंत सगळ्यासाठी बोटीचे वेळापत्रक सांभाळावे लागते.

आपला,
एक भूगोलप्रेमी वाचक