‘गुलाबी म्हणजे कोण?’ हा प्रश्न दुरुस्त करून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

क्रोमोजेनिक अगारवर, म्हणजे जिवाणूंच्या कॉलन्यांना (वसाहतींना) त्यांच्या विकरांप्रमाणे (एन्झाइमप्रमाणे) रंग देणाऱ्या माध्यमावर, आपण लिहून दिलेल्या टिपणाबद्दल हे आभाराचे पत्र. ‘गुलाबी कॉलनी म्हणजे कोणता जिवाणू?’ हा आमचा प्रश्नच आपण बदलून दिलात. ते उघडपणे लिहीत आहोत, कारण त्यातले बरेचसे माहितीपत्रकात एका ओळीत उरकलेले असते किंवा नसतेच, आणि पाणी तपासणाऱ्या कुणालाही ते हाताशी असावे असे आहे.

पहिले आभार रंगांचा तक्ता उतरवायला लावल्याबद्दल. ‘गुलाबी म्हणजे हा, निळा म्हणजे तो’ अशा तक्त्याऐवजी आपण दोनच रकाने ठेवलेत: माध्यमात सब्स्ट्रेट (विकर ज्यावर काम करते तो पदार्थ) कोणता आणि तो तोडणारे विकर कोणते. याचे महत्त्व दोन प्लेटा शेजारी ठेवल्या की कळते. पाण्यासाठीच्या कोलिफॉर्म अगारवर गुलाबी-लाल कॉलनी म्हणजे ई. कोलाय सोडून दुसरा कोलिफॉर्म (पाण्याच्या प्रदूषणाची खूण मानल्या जाणाऱ्या गटातला जिवाणू). लघवीच्या नमुन्यांसाठीच्या बऱ्याच क्रोमोजेनिक अगारवर गुलाबी म्हणजे ई. कोलायच. रंग तोच, अर्थ उलटा. दोन्हीकडे गुलाबी रंग बीटा-गॅलॅक्टोसिडेजचाच आहे. फरक आहे तो जोडीला घातलेल्या दुसऱ्या सब्स्ट्रेटचा. लघवीच्या अगारवर दुसरा सब्स्ट्रेट बीटा-ग्लुकोसिडेजसाठी असतो. ते ई. कोलायकडे सहसा नसते, म्हणून तो गुलाबीच राहतो. क्लेब्सिएला या दुसऱ्या कोलिफॉर्मकडे दोन्ही विकरे असतात, म्हणून तो गडद निळा होतो. एंटरोकॉकसकडे ग्लुकोसिडेज जोरदार असते, म्हणून त्याच्या बारीक निळसर-हिरव्या कॉलन्या. पाण्याच्या अगारवर दुसरा सब्स्ट्रेट बीटा-ग्लुक्युरोनिडेजसाठी असतो. तिथे ई. कोलायकडे दोन्ही विकरे निघतात आणि सॅल्मन-गुलाबी व निळसर-हिरवा मिळून गडद निळा ते जांभळा रंग येतो. क्लेब्सिएला तिथे गुलाबी. उत्पादक बदलला, सब्स्ट्रेटची जोडी बदलली, की पाठ केलेला तक्ता सरळ खोटे बोलतो.

रंग कॉलनीतच का थांबतो, हे आपण ज्या क्रमाने मांडलेत त्याचाही उपयोग झाला. या सब्स्ट्रेटमध्ये साखरेचा तुकडा इंडॉक्सिलच्या रेणूला जोडलेला असतो आणि जोडलेला असेपर्यंत रंगहीन असतो. विकराने बंध तोडला की इंडॉक्सिल सुटे होते, आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे असे दोन रेणू जुळून निळीच्या जातीचा, पाण्यात न विरघळणारा रंग बनतो. तो पसरत नाही. जुन्या मॅकाँकी अगारवर रंग लॅक्टोज आंबून बनणाऱ्या आम्लामुळे येतो, आणि आम्ल अगारमध्ये पसरते, त्यामुळे शेजारची लॅक्टोज न आंबवणारी कॉलनीही गुलाबी झाक घेते. ओएनपीजीतून (गॅलॅक्टोसिडेजच्याच दुसऱ्या एका सब्स्ट्रेटमधून) सुटणारा पिवळा रंग विरघळतो, म्हणून तो नळीतल्या चाचणीला ठीक, प्लेटला निरुपयोगी. एमयूजीची (ग्लुक्युरोनिडेजच्या दुसऱ्या एका सब्स्ट्रेटची) निळी चमक ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली सुंदर दिसते खरी, पण तीही पसरते. २४ तासांनी अर्धी प्लेट चमकते आणि नेमकी कोणती कॉलनी, हा प्रश्न तसाच राहतो.

आता रंग बनण्याच्या त्या वाक्यातला ‘ऑक्सिजन’ हा शब्द. तो डोक्यात बसला की निम्म्या फिक्या प्लेटांचा उलगडा होतो. प्लेटा पॅराफिल्मने घट्ट बंद केल्या, हवाबंद डब्यात कोंबल्या किंवा अनएरोबिक (ऑक्सिजनविरहित) जारमध्ये ठेवल्या, तर विकर आपले काम करते पण रंग उमटत नाही. उंच चळतीचा त्रास वेगळा: मधल्या प्लेटा उबवणीपेटीच्या ३६ अंशांवर उशिरा पोचतात, आणि वरखाली गडद, मध्ये फिके असे दिसते. चळत सहाच्या वर नको, आणि दोन चळतींत बोटभर अंतर हवे, ही आपली सूचना आता आम्ही डोळे मिटून पाळतो.

माध्यम बनवण्याच्या भागात आपण सर्वांत कडक होतात, आणि ते योग्यच होते. आयएसओ ९३०८-१ या पाणी तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीतले कोलिफॉर्म अगार ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करायचे नसते. इतर सगळ्या माध्यमांची बाटली सवयीने १२१ अंशांवर जाते, म्हणून नवा हात इथेच चुकतो. त्या उष्णतेत सब्स्ट्रेटचे बंध आपोआप तुटू लागतात. मग अगारलाच रंगाची झाक येते आणि कॉलन्या मात्र फिक्या पडतात. भुकटी आधी थंड डिस्टिल्ड पाण्यात नीट कालवायची, मग उकळत्या पाण्याच्या बाथमध्ये अधूनमधून हलवत पूर्ण विरघळवायची. एक लिटरला पाऊण तासापर्यंत वेळ लागू शकतो. बाटली उजेडासमोर धरल्यावर काचेला चिकटलेले पारदर्शक कण दिसले तर अगार अजून वितळलेले नाही. अशा प्लेटा मऊ होतात आणि फिल्टर उचलताना फाटतात. ४५ ते ५० अंशांपर्यंत निवल्यावर ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये १८ ते २० मिलिलिटर. निवलेल्या माध्यमाचा पीएच २५ अंशांवर ६.८, दोन दशांश इकडेतिकडे. पुन्हा वितळवणे नाही.

घटकांपैकी दोघांवर आपण थांबलात ते फार बरे केलेत. एक आयपीटीजी, लिटरला ०.१ ग्रॅम. गॅलॅक्टोसिडेज हे विकर जिवाणू गरजेपुरतेच बनवतो. आयपीटीजी लॅक्टोजसारखा भासून ते जनुक चालू करतो, पण स्वतः खाल्ला जात नाही, म्हणून रात्रभर टिकतो. दुसरा घटक म्हणजे जो मुद्दाम घातलेला नाही तो: ग्लुकोज. ग्लुकोज मिळाला की जिवाणू लॅक्टोजची यंत्रणा दाबून ठेवतो, आणि खराखुरा कोलिफॉर्म रंगहीन दिसतो. घरच्या घरी बेस माध्यम जुळवताना ग्लुकोज असलेले अगार वापरले, तर महागडा सब्स्ट्रेट वाया गेलाच म्हणून समजा. त्याच ओघात एक्स-गॅल या गॅलॅक्टोसिडेजच्या सब्स्ट्रेटच्या द्रावणाबद्दलची आपली ताकीदही इथे नोंदवतो: तो पाण्यात धड विरघळत नाही, डीएमएफ या द्रावकात मिलिलिटरला २० मिलिग्रॅम करावा, काचेच्या किंवा पॉलिप्रोपिलीनच्या नळीत, फॉइल गुंडाळून, उणे २० अंशांवर. पॉलिस्टायरीनची नळी डीएमएफ खातो. लिटरभर निवलेल्या अगारला २ मिलिलिटर पुरतात. हे सगळे फ्यूम हूडखाली, हातमोजे घालून.

गाळणीच्या पायरीवर आपण फक्त एक चित्र काढले होते, फिल्टरखाली अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याचे. १०० मिलिलिटर पाणी ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळायचे आणि जिवाणू अडकलेला तो फिल्टर प्लेटवर ठेवायचा, हे सगळ्यांना ठाऊक असते. बुडबुड्याच्या जागी फिल्टर अगारला टेकत नाही, तिथे ना अन्न पोचते ना सब्स्ट्रेट, आणि पांढरा गोल डाग राहतो, हे मात्र एकदा पाहिल्याशिवाय पटत नाही. फिल्टर एका कडेने टेकवत घरंगळत सोडायचा. प्लेटवर दव असेल तर आधी झाकण तिरके करून वाळवायची, नाहीतर कॉलन्या एकमेकींत वाहतात. क्लोरीनयुक्त पाण्याच्या बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट आधीपासून हवे. आणि ही पद्धत कमी जिवाणूंच्या पाण्यासाठी आहे, प्लेटवर सगळ्या मिळून शंभराच्या आत कॉलन्या येतील अशा. गढूळ नदीचे पाणी थेट गाळून मग रंग कळत नाही म्हणणे हा माध्यमावर अन्याय आहे.

प्लेट उबवणीपेटीत ठेवल्यापासून वाचन १८ तासांच्या आधी नाही, २४ नंतर नाही. १८ तासांना लाल किंवा रंगहीन कॉलन्या दिसल्या तर प्लेट २४ पर्यंत परत आत ठेवायची, कारण ग्लुक्युरोनिडेज कधी कधी उशिरा जागे होते आणि गुलाबीची जांभळी होते. निळा आधी मोजून टाकण्याची घाई आपण थांबवलीत, त्यामुळे मोजणीतला फेर कमी झाला.

गुलाबी कॉलन्यांसाठी ऑक्सिडेज चाचणी हवीच, कारण एरोमोनासकडेही गॅलॅक्टोसिडेज असते आणि तो कोलिफॉर्मच्या वेषात बसतो. ऑक्सिडेज हे विकर मात्र एरोमोनासकडे असते, कोलिफॉर्मकडे नसते. ही चाचणी क्रोमोजेनिक प्लेटवरून थेट करायची नाही. कॉलनीचा स्वतःचा रंगच निकालात मिसळतो. आधी साध्या, निवडक नसलेल्या अगारवर उतरवून ताजी वाढ घ्यायची. लूप प्लास्टिकचा किंवा प्लॅटिनमचा. नायक्रोममुळे खोटा जांभळा येतो. निकाल ३० सेकंदांत. त्यानंतर सावकाश उमटलेला रंग मोजायचा नाही, आणि रीएजंट आधीच निळसर झाले असेल तर ते ओतून द्यायचे.

उणिवाही आपण झाकल्या नाहीत. ई. कोलायच्या काही टक्के जाती ग्लुक्युरोनिडेज दाखवतच नाहीत. सर्वांत नावाजलेली ओ१५७:एच७. तिच्याकडे जनुक असते पण चालते विकर बनत नाही, म्हणून ती पाण्याच्या अगारवर सभ्यपणे गुलाबी दिसते. उलट बाजूने शिगेला आणि साल्मोनेलाच्या काही जातींत ग्लुक्युरोनिडेज सापडते. म्हणजे अहवालात जे लिहितो ते विकरावर आधारलेले आहे, आणि रोगकारक जात शोधायची असेल तर वेगळे माध्यम, वेगळी चाचणी.

माध्यमाच्या नव्या लॉटसाठी (खेपेसाठी) चार कंट्रोल, म्हणजे ओळखीचे जिवाणू, आपण सांगितलेत, तेच चालू आहेत: ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (हा जिवाणू-संग्रहातला क्रमांक, पुढचेही तसेच) जांभळ्या-निळ्यासाठी, क्लेब्सिएला एरोजेन्स १३०४८ गुलाबीसाठी, स्यूडोमोनास एरुजिनोसा २७८५३ रंगहीन वाढीसाठी, आणि एंटरोकॉकस फिकॅलिस २९२१२, जो टर्जिटॉलमुळे (अशा जिवाणूंना रोखणाऱ्या, माध्यमातल्या घटकामुळे) उगवताच कामा नये. चौथ्याची प्लेट रिकामी दिसते म्हणून ती टाळायचा मोह होतो. टर्जिटॉल कमी पडल्याचे मात्र तीच सांगते.

एका बाबतीत आमचे आपल्याशी जमत नाही. ओतलेल्या प्लेटा अंधारात, फ्रिजमध्ये महिनाभर चालतात असे आपण म्हणता. चालत असतील, पण फ्रिजचे दार दिवसातून वीसदा उघडते, दिवा लागतो, कडा सुकतात. आम्ही दोन आठवड्यांवर थांबतो आणि त्यापुढच्या प्लेटा फक्त शिकाऊंच्या सरावाला देतो. यावर आपला राग आला तरी चालेल, टिपणाच्या पुढच्या आवृत्तीत तो लिहून पाठवावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
पाणी तपासणीच्या बाकावरचे सर्वजण