आई, तुला प्रार्थना येते

प्रिय आई, बाबा, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

फोनवर हे बोलणं होत नाही, तू मधेच म्हशीचं काढते, म्हणून लिहून पाठवते. पिंकी वाचून दाखवेल, तिनं मधलं काही गाळलं तं तिला ओरडजो.

तिनंच परवा सांगितलं, बाबांना लकवा मारला तेव्हापासून घरात संध्याकाळची प्रार्थना बंद आहे. मला भल्ली चुटपुट लागली. आपल्या घरी प्रार्थना म्हणजे बाबाच होते ना. यवतमाळची सेमिनरी, पाळक घडवायची शाळा, 1983 मध्ये पुण्याला गेली, त्याच्या आधी तिथले पोरं गावात यायचे, बाबा त्यांच्याकडून शिकले, आन् तेव्हापासून जे सुरू झालं ते स्वर्गीय पित्यापासून थेट तुरीच्या शेंगांपर्यंत सगळं त्यात यायचं. एकदा तं त्यांनी बायबलातलं 119वं स्तोत्र पूर्ण वाचलं, 176 वचनं, भाकरी वाळून कडक झाल्या होत्या, आठवते?

आता तू म्हणते, मले नाही जमत, मी काय शिकलेली आहो.

आई, कापूस वेचताना मी तुझ्या मागच्या तासात असायची. तू तोंडातल्या तोंडात म्हणायची, बापा पाऊस थांबव, बापा पोरीची फी भरू दे. मी ऐकलं आहे. ते काय होतं मग? बायबलातल्या हन्नाचं आठव, शमुवेलाची आई, मंदिरात नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता, एली याजकाला वाटलं बाई पिऊन आली आहे. देवानं तिचंच ऐकलं. आन् लूकच्या शुभवर्तमानात 18व्या अध्यायातला तो जकातदार, परुशी, म्हणजे तो कडक धर्म पाळणारा, लंबंचौडं बोलला, ह्यानं छाती बडवून एक ओळ म्हटली फक्त, नीतिमान ठरून घरी तोच गेला. पाळकांसारखा आवाज काढायची काही गरज नाही, खरं सांगू तर तो आवाज मला कधी पटलाच नाही.

माझंही सांगते, रागावू नको. नर्सिंगच्या हॉस्टेलला गेल्यावर तीन वर्षं मी प्रार्थनाच केली नाही, तुम्हाला फोनवर हो हो म्हणत राहिली. मग नाइट ड्यूटीत एका पेशंटजवळ बसली होती, काहीच सुचेना, तं "हे आमच्या स्वर्गातील पित्या" तेवढंच म्हटलं, रोजच्या भाकरीपर्यंत आली आन् पुढचं विसरली. तेव्हापासून रोज ड्यूटीवर जाताना सिटी बसमध्ये म्हणते, डोळे उघडे ठेवून, नाही तं स्टॉप निघून जाते. काही दिवस मन लागत नाही, तरी म्हणते. खोलीत जा, दार लाव असं प्रभूनं सांगितलं आहे, पण बसला दार लावायचं काम कंडक्टरचं.

आता बाबांचं. बाबा, तुम्हाला शब्द सापडत नाही म्हणून तुम्ही तोंड फिरवून घेता असं पिंकी म्हणते. रोमकरांस पत्रात 8:26 काढायला सांगा तिला, आपल्याला मागता येत नाही तेव्हा पवित्र आत्मा कण्हून आपल्यासाठी मागते. तुम्हीच हे वचन मला पाठ करायला लावलं होतं. आन् वॉर्डात मी डोळ्यानं पाहिलं, लकव्यानं बोलणं गेलेल्या माणसाला कधी कधी गाणं मात्र म्हणता येते. म्हणून आई, रेव्हरंड टिळकांचं कोणतंही भजन सुरू कर, बाबांच्या आवडीचं, सावकाश, त्यांच्याकडे पाहून. शब्द आले तं आले, नाही आले तं हातानं ठेका धरतील, डावा हात चालतो ना त्यांचा.

जास्त करू नको. दूध डेअरीवर गेलं की बाबांच्या खाटेजवळ बस, एक भजन, 23वं स्तोत्र (सहाच वचनं आहेत), मग तुझं ते वावरातलं "बापा". पाच मिनिटं. एखाद्या दिवशी राहिलं तं दुसऱ्या दिवशी बस, तेवढ्यासाठी रडत बसू नको.

बुधवारी माझी सुट्टी आहे, आठ वाजता फोन करते, स्पीकरवर ठेवजो. स्तोत्र मी वाचते, प्रार्थना तू कर, आमेन बाबा म्हणतील, अर्धं निघालं तरी चालते. फोन दुपारीच चार्ज करून ठेव, संध्याकाळी लाइनीचा भरवसा नाही.

तुमची,
ताई