पिवळ्या पानांचा एक तरी संच जपायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जाहिराती आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य या विषयावरचा लेख वाचला. त्यात १९९५ सालच्या टाटा प्रेस खटल्याचा एका ओळीत उल्लेख आहे, पण तो खटला कशावरून झाला हे कुठेच आलेलं नाही. तो टेलिफोन डिरेक्टरीवरून झाला होता. त्या काळात माझं पोट डिरेक्टरीच्याच कामावर होतं, म्हणून राहवलं नाही.

मी मुद्रितशोधक. १९८८ पासून बारा वर्षं गिरगावातल्या एका छोट्या कचेरीत पिवळ्या पानांच्या, म्हणजे डिरेक्टरीतल्या धंद्यांच्या पानांच्या, जाहिरातींची प्रुफं वाचली. आम्ही बाहेरून काम घेणारे. फिरती करणारी मुलं दुकानादुकानांतून फॉर्म भरून आणायची, टाइपसेटिंग दुसरीकडे व्हायचं आणि गठ्ठे आमच्या टेबलावर यायचे.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्ये सुरू झालं, तेही खासगी कंपनीचं. १९४३ मध्ये सरकारने ते ताब्यात घेतलं आणि १ एप्रिल १९८६ पासून मुंबई-दिल्लीचा कारभार महानगर टेलिफोन निगमकडे गेला. डिरेक्टरी काढायची ती टेलिफोन खात्यानेच. नुसती पांढरी पानं : आडनाव, नाव, पत्ता, नंबर. १९८७ पासून निगमने हे काम ठेकेदारांना द्यायला सुरुवात केली आणि त्यांना पिवळ्या पानांवर धंद्यांच्या जाहिराती घ्यायची मुभा दिली. डिरेक्टरीतून पैसा येतो हे तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं.

टाटा प्रेस या छपाई कंपनीने याच सुमारास आपली स्वतंत्र यलो पेजेस, म्हणजे पिवळी पानं, काढली. व्यापारी, कारखानदार, व्यावसायिक यांच्या पैसे देऊन केलेल्या जाहिराती, धंद्याप्रमाणे लावलेल्या. निगमचं म्हणणं असं की टेलिफोनधारकांची यादी छापायचा हक्क एकट्या आमचा. भारतीय तार नियम, १९५१ मधल्या ४५८ व्या नियमात तसं लिहिलेलंही होतं : परवानगीशिवाय कुणीही टेलिफोनधारकांची यादी प्रसिद्ध करायची नाही. मुंबईच्या दिवाणी न्यायालयात दावा लागला. पुढे उच्च न्यायालयात टाटा प्रेसच्या विरोधात निकाल गेला आणि प्रकरण दिल्लीला पोहोचलं. आम्ही लहान माणसं जीव मुठीत धरून होतो, कारण पिवळी पानं बंद म्हणजे आमची कचेरीही बंद.

३ ऑगस्ट १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. न्या. कुलदीप सिंग यांनी लिहिलेल्या त्या निकालात म्हटलं आहे की धंद्याची जाहिरात हीसुद्धा घटनेच्या १९(१)(अ) कलमाखालच्या अभिव्यक्तीत मोडते, कारण काय कुठे मिळतं हे कळणं हा ग्राहकाचाही हक्क आहे. मात्र ‘टाटा प्रेस जिंकली’ असं म्हणून थांबणं बरोबर नाही. जाहिरातींचं पुस्तक काढायला मोकळीक मिळाली, पण निगमच्या परवानगीशिवाय टेलिफोनधारकांची यादी छापायची नाही, हे बंधन न्यायालयाने कायम ठेवलं. पांढरी पानं निगमची, पिवळ्यांत कुणीही उतरावं, असा तो निवाडा. तुमच्या लेखात हा भाग यायला हवा होता. देशातल्या प्रत्येक जाहिरातीला ज्या निकालाचा आधार दिला जातो, तो प्लंबर, सुतार आणि टाइपरायटर दुरुस्तीवाल्यांच्या यादीतून निघालेला आहे.

आता कामाविषयी सांगते. प्रुफं दोघींनी वाचायची. एकीने फॉर्मवरून मोठ्याने म्हणायचं, दुसरीने लाल पेन्सिल घेऊन प्रुफावर ताडायचं. मराठीत जोडून आकडे म्हटले की घोटाळा ठरलेला. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट. संध्याकाळी कान थकले की फरकच कळत नाही. म्हणून आमच्याकडे एकेक आकडा सुटा म्हणायचा नियम होता, ‘पाच, तीन, शून्य, सात’ असा. एकदा घाईत तो नियम मी मोडला. पंप दुरुस्तीवाल्या एका गृहस्थाच्या नंबरात त्रेसष्टच्या जागी त्रेपन्न गेलं आणि तसंच छापलं गेलं. वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता येते. डिरेक्टरीतली चूक पुढची आवृत्ती निघेपर्यंत घराघरांत बसून राहते.

चुकून छापला गेलेला तो नंबर दादरच्या एका आजींचा होता. मी पेढे घेऊन माफी मागायला गेले. त्यांनी मला फोनजवळ नेलं. भिंतीवर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचा एक तुकडा डकवलेला, त्यावर पंपवाल्याचा खरा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलेला. तो त्यांनी स्वतः शोधून काढला होता. म्हणाल्या, ‘‘ज्याच्याकडे पाणी चढत नाही तो माणूस अगोदरच त्रासलेला असतो गं. त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?’’ वर्षभर त्यांनी प्रत्येकाला तो नंबर सांगितला. त्यानंतर माझ्या हातून एकही आकडा जोडून वाचला गेला नाही.

या कामामुळे मुंबई मला मथळ्यांमधून दिसली. सायक्लोस्टायलिंग, टेलेक्स सेवा, ब्लॉकमेकर, रेडिओ दुरुस्ती. मी लागले तेव्हा गिरण्यांना धोटे आणि बॉबिन पुरवणाऱ्यांचा मथळा चांगला भरलेला होता. १९८२ चा संप होऊन सहा वर्षं झाली होती, तरीही. पुढच्या प्रत्येक आवृत्तीत त्या मथळ्याखालची नावं कमी होत गेली. एका वर्षी फॉर्म गोळा करणारा मुलगा परत आला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, लालबागचा तो गाळा आता फर्निचरवाल्याला गेलाय.’’ मी नाव खोडलं आणि फर्निचरखाली नवं लिहिलं. गिरणगावाचं काय झालं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण कुठल्या रस्त्यावरचं कुठलं दुकान कुठल्या वर्षी गेलं हे त्या पिवळ्या पानांइतकं नेमकं मला तरी दुसरीकडे सापडलेलं नाही.

आणि ही पानंच आज मिळत नाहीत, हे माझं खरं दुखणं आहे. नवी आवृत्ती आली की जुनी रद्दीत, ही घराघरातली रीत. जाड म्हणून वजनाला बरी भरायची. एसटीडी बूथवर सुतळीने बांधलेली असायची तीसुद्धा शेवटी पुड्यांसाठी वाण्याकडे जायची. लोकांना मी दोष देत नाही. पण मागच्या वर्षी एका जुन्या ग्रंथालयात चौकशी केली, तर जागा नाही म्हणून बांधीव खंड विकून टाकल्याचं सांगण्यात आलं. कुठली वर्षं होती, याची यादीसुद्धा ठेवलेली नाही.

१९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. त्यांतलं एक आपल्या मुंबईत, टाऊन हॉलमध्ये आहे. सरकारी प्रकाशनंही त्यातून सुटलेली नाहीत. डिरेक्टरी हे पुस्तकच. तेव्हा माझी विनंती अशी की मुंबईच्या डिरेक्टरीचे, पांढऱ्या आणि पिवळ्या दोन्ही पानांचे, कुठले खंड कुठे शिल्लक आहेत याची यादी संबंधितांनी करावी आणि त्यांचं स्कॅनिंग करावं. ब्रिटनमध्ये १८८० पासून १९८४ पर्यंतची फोनबुकं जपून, स्कॅन करून लोकांसाठी खुली केली आहेत. माणसं त्यांत आपल्या आजोबा-पणजोबांचे पत्ते शोधतात. आपल्याकडे गिरगावातल्या चाळीत फोन आला तो दिवस आठवणारी माणसं अजून आहेत, त्यांच्या नातवंडांना त्या फोनचा नंबर तरी सापडावा. पांढऱ्या पानांत घरचे पत्ते असतात, म्हणून अलीकडची वर्षं उघड करू नयेत हे मला मान्य आहे. जुन्या वर्षांना ती अडचण नाही.

आपल्या वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर, दुकानाच्या फळीवर, वडिलांच्या कपाटात जुनी डिरेक्टरी असेल, तर कृपया रद्दीत देऊ नका, असं आवाहन आपण छापावं. कव्हर फाटलेलं असलं, मधली पानं सुटलेली असली तरी चालेल. माझ्याकडे १९९३ च्या पिवळ्या पानांचा एक खंड आहे, समासात माझ्या लाल पेन्सिलीच्या खुणा असलेला. नीट ठेवणारं ग्रंथालय मिळालं, तर मी स्वतः लोकलने आणून देईन.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक, डोंबिवली